तीस हजारांत पहिला डीएसएलआर: सोलापुरात राहून कसा निवडायचा, कसा तपासायचा

पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॅनन घेऊ की निकॉन?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: काय टिपायचंय आणि कसल्या उजेडात टिपायचंय. एवढं पक्कं झालं की लेन्स ठरते, लेन्सवरून बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) ठरते आणि ब्रँडचा प्रश्न उरतच नाही. दुकानात हे सगळं उलटं चालतं. आधी मेगापिक्सेल सांगतात, मग बॉडी हातात देतात आणि लेन्स डब्यात असेल ती. मर्यादित पैशांत पहिला कॅमेरा घेणाऱ्याचं नुकसान होतं ते इथेच.

हा लेख साधारण पंचवीस ते पस्तीस हजारांचं बजेट असलेल्यांसाठी आहे. या पैशांत माझा सल्ला स्पष्ट आहे: वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या, पण नीट तपासून.

आता डीएसएलआर कशाला?

कॅननचा १डीएक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे दोन्ही कंपन्यांचे सगळ्यात वरच्या दर्जाचे डीएसएलआर २०२० साली आले. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी सगळं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळवलं. लग्नाची कामं करणारे फोटोग्राफरही एकेक करून मिररलेसवर गेले, आणि त्यांच्या चांगल्या चालत्या बॉडी व लेन्स बाजारात आल्या. नवशिक्याला याचा फायदा होतो. तीस हजारांत मिररलेस बघायला गेलात तर जेमतेम जुनी बॉडी आणि एक साधी लेन्स पदरात पडेल. त्याच पैशांत डीएसएलआरची बॉडी, किट लेन्स (बॉडीसोबत मिळणारी साधी झूम लेन्स) आणि वर एक उत्तम प्राइम (झूम न होणारी) लेन्स बसू शकते.

आपल्या गावासाठी आणखी एक कारण आहे. एप्रिल-मेच्या चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या उन्हात मोबाइलच्या स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून आपण आरशातून आलेलं खरं दृश्य बघतो, त्यामुळे भर दुपारीही ते स्वच्छ दिसतं. शिवाय त्याला बॅटरी फारशी लागत नाही. निकॉन डी३५००ला प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये १५५० फोटोंचं रेटिंग आहे, कॅनन १५००डीला ५००चं. सकाळी घराबाहेर पडून रात्री उशिरा परतायचं असेल, तर हा फरक फार मोठा ठरतो.

पायरी पहिली: काय टिपणार ते कागदावर लिहा

मनातल्या मनात नको, खरंच कागदावर लिहा. पुढच्या वर्षभरात तुम्ही कशाकशाचे फोटो काढणार आहात? सोलापूरकरांच्या यादीत सहसा पुढच्या गोष्टी येतात, आणि प्रत्येकीची गरज वेगळी आहे.

गड्ड्याची यात्रा घ्या. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक निघते. दिवसा भरपूर ऊन असतं, कोणतीही किट लेन्स पुरते. अडचण सुरू होते सूर्य मावळल्यावर. रस्त्यावरचे दिवे, हलती गर्दी, उंच काठ्या, आणि तुम्ही धक्के खात उभे. १८-५५ची किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही (एमएमचा आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). ५० एमएमची एफ/१.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे किट लेन्सने ज्या फोटोला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की चित्र खरबरीत होतं) ६४०० लागेल, तो प्राइमने सुमारे ६४०वर निघतो. हा फरक बॉडी बदलून मिळत नाही. दुप्पट किमतीची बॉडी घेतली तरीही नाही. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामासाठी मात्र एफ/१.८ची गरज नाही, तिथे ट्रायपॉड हवा. दोन-चार सेकंद शटर (उजेड आत सोडणारा पडदा) उघडं ठेवायचं असतं, आणि ते जुन्यात जुन्या कॅमेऱ्यालाही जमतं.

यंत्रमागाचा कारखाना हा आपल्या शहराचा खास विषय. मालकाला आणि कामगारांना विचारून आत गेलात, तर दिसेल की जागा अरुंद आहे, उजेड ट्यूबचा आहे आणि धोटा सारखा पळतोय. कॅननच्या छोट्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) ५० एमएम लेन्स ८० एमएमसारखी वागते. दोन मागांच्या मधल्या वाटेत ती फारच जवळ ओढते. इथे निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ जास्त उपयोगी, किंवा कॅननची २४ एमएम एफ/२.८. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५०वर ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येत नाहीत. हे कॅमेरा घेण्याआधीच माहीत असावं, नाहीतर चांगला कॅमेरा बिघडलेला वाटतो.

माळरान आणि पाणवठे हा तिसरा विषय. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे. माळढोक दिसणं आता दुर्मीळ झालंय, पण काळवीट, लांडगा आणि माळावरचे लहान पक्षी आहेतच. हिवाळ्यात हिप्परग्याचा तलाव आणि उजनीचं पाणी पक्ष्यांनी भरतं. इथे ५५ एमएमने काहीच होणार नाही. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी व्हीआर ही बजेटची खालची पायरी आहे. कॅननच्या ७५-३००पासून लांब राहा. ती स्वस्तात मिळते, आकडा मोठा दिसतो, पण तिच्यात हाताची थरथर सांभाळणारी सोय (कॅननची आयएस, निकॉनची व्हीआर) नाही आणि शेवटच्या टोकाला चित्र मऊ पडतं. अभयारण्यात वनविभागाचे नियम पाळा, आणि पाखराच्या मागे धावू नका. विणीच्या काळात घरट्याजवळ तर जाऊच नका.

घरच्या चादरी, टॉवेल, वॉल हँगिंग ऑनलाइन विकायला फोटो हवे असतील, तर तुमचा खर्च सगळ्यात कमी. वस्तू हलत नाही, खिडकीचा उजेड फुकट आहे. किट लेन्स एफ/८वर ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, समोर पांढरा कार्डशीट धरा. अशा माणसाने २०१४ सालची बॉडी घेऊन उरलेले पैसे धंद्यात घालावेत.

आणि "घरातल्यांचे, सणवाराचे, सहलीचे" हे उत्तर असेल, तर किट लेन्स अधिक एक प्राइम. एवढ्यावर तीन-चार वर्षं आरामात निघतात.

पायरी दुसरी: पैशांची वाटणी

समजा हातात ३० हजार आहेत. त्यातले २० हजारांच्या आसपास बॉडी आणि किट लेन्सला, ६-७ हजार दुसऱ्या लेन्सला, आणि उरलेले कार्ड, जादा बॅटरी, पिशवी यांना. भाव मॉडेलप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे हलतो, त्यामुळे आकड्यांपेक्षा प्रमाण लक्षात ठेवा: बॉडीवर दोन तृतीयांशाहून जास्त खर्च करायचा नाही. सगळे पैसे बॉडीत घातले तर पुढचं वर्षभर फक्त किट लेन्स हातात राहते आणि हौस तिथेच विझते. दूरची लेन्स घ्यायची असेल तर तिला या सहा-सात हजारांपेक्षा जास्त लागू शकतात, म्हणून त्या बाबतीत बॉडी आणखी एक पायरी जुनी घ्या.

पायरी तिसरी: कोणती मॉडेलं बघायची

निकॉनमध्ये डी३३००, डी३४००, डी३५०० आणि डी५३००, डी५६००. या सगळ्यांत २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, आणि सावलीतला तपशील सोडवण्यात तो त्या काळच्या कॅननच्या १८ मेगापिक्सेलवाल्यांपेक्षा सरस आहे. डी५३०० २०१३ची आहे, स्क्रीन बाहेर काढून फिरवता येतो, माइक लावता येतो. केवळ फोटोसाठी या बजेटमध्ये मला तीच सगळ्यात आवडते. डी३४०० आणि डी३५००मध्ये माइकची जागा नाही, पण वजनाला हलकी आणि बॅटरीला दमदार.

निकॉनच्या या मॉडेलांत एक गोष्ट विसरायची नाही. त्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेल्या लेन्सच त्यांच्यावर आपोआप फोकस होतात. कोणी "५० एमएम एफ/१.८डी, एकदम स्वस्त" म्हणून देऊ केली, तर ती लागेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. तसंच काही जुन्या बॉडींवर एएफ-पी लेन्सचा फोकस चालत नाही, आणि डी३३००, डी५३००ला त्यासाठी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत असावं लागतं. लेन्स बॉडीवर लावून, फोकस होताना बघूनच पैसे द्या.

कॅननमध्ये ७००डी, १३००डी, १५००डी आणि २००डी. व्हिडिओ करायचे असतील तर २००डीकडे वळा. २०१७च्या या बॉडीत ड्युअल पिक्सेल फोकस आहे, माणूस चालत आला तरी चेहरा धरून ठेवते. स्क्रीन फिरतो, टच आहे, माइक लागतो. बजेटच्या वरच्या टोकाला बसते, पण यूट्यूब किंवा रील्स हे मुख्य काम असेल तर तेवढे पैसे मोजावेत. १३००डी आणि १५००डीला माइक लागत नाही.

१५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या तिन्हींच्या वरच्या फ्लॅश लावायच्या जागेत मधला संपर्कबिंदू कॅननने काढून टाकलाय. साधे फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारी यंत्रं) त्यावर चालतच नाहीत. पुढे लग्नाच्या कामात कुणाच्या हाताखाली शिकायचा विचार असेल, तर हे फार महत्त्वाचं आहे. १३००डी, ७००डी आणि पहिली २००डी यांत तो बिंदू आहे. ३०००डी मी तशीही सुचवत नाही. तिचा लेन्सचा माउंट प्लास्टिकचा आहे, आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायची चकतीसुद्धा तिला नाही.

कोणी ५डी मार्क २ दाखवून "फुल फ्रेम याच भावात" म्हणेल. फुल फ्रेम म्हणजे मोठा सेन्सर. बॉडी उत्तम होती, पण २००८ची आहे. कॅननच्या ईएफ-एस लेन्स तिच्यावर बसत नाहीत, आणि तिला शोभतील अशा लेन्सना तुमचं अख्खं बजेट लागेल. पहिला कॅमेरा म्हणून नकोच.

पायरी चौथी: कुठे आणि कधी

सोलापुरात पहिला शोध फोटो स्टुडिओवाल्यांकडे आणि लग्नाची कामं करणाऱ्यांकडे घ्या. नवी पेठेपासून सुरुवात करा, विचारत गेलात की एकाकडून दुसऱ्याचा पत्ता मिळतो. शहरातलाच माणूस असला तर बिघाड निघाल्यावर त्याच्या दारात उभं राहता येतं, याची किंमत मोठी आहे. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते. त्याच्या आधी जे नवा कॅमेरा घेतात ते जुना काढायच्या घाईत असतात. मात्र कामाच्या फोटोग्राफरच्या बॉडीचं शटर भरपूर चाललेलं असतं, हौशी माणसाचा कॅमेरा कपाटात पडून असतो. दोघांकडेही बघा.

इथे मनासारखं मिळालं नाही तर पुणे आहेच. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन रात्री घरी परतता येतं. सोबत एक जाणता माणूस घ्या. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी जुना आणि नावाजलेला. मुंबई-कोकणाच्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये बुरशीची शक्यता जास्त, आपल्याकडच्या कोरड्या हवेतल्या कॅमेऱ्यात धूळ जास्त. माल कुठून आला त्याप्रमाणे नजर वळवा.

मोबाइलवरच्या जाहिराती बघून भाव समजून घ्या, पण समोर बसून तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. "बदली झालीय, कुरिअर करतो, थोडा ॲडव्हान्स टाका" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात, येत कधीच नाहीत.

पायरी पाचवी: तपासणी

जाताना आपलं एसडी कार्ड, लॅपटॉप किंवा कार्ड रीडर, छोटी टॉर्च आणि एक वर्तमानपत्र घ्या. दिवसाच्या उजेडात जा. अर्धा तास लागेल हे विकणाऱ्याला आधीच सांगा. जो घाई करतो त्याच्याकडून घेऊ नका.

आधी बाहेरून बघा. खालच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर बॉडी उघडली गेलीय. का उघडली ते विचारा. रबर सुटलंय का, कार्डाचं आणि बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, लेन्स लावल्यावर हलते का. रंग उडालेला असेल तर हरकत नाही, उलट भाव कमी करायला ते बरं.

मग लेन्स. दोन्ही झाकणं काढा, टॉर्चचा उजेड एका बाजूने तिरपा टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे चार कण सगळ्यांतच असतात, त्यांनी फोटोवर काही परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. काच साफ करून मिळाली तरी वरचं कोटिंग खाल्लेलं असू शकतं. झूम शेवटपर्यंत फिरवा, मध्ये कुठे अडकत असेल किंवा खरखर येत असेल तर सोडून द्या.

सेन्सरसाठी: आपलं कार्ड घाला, एफ/२२ लावा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. मोठा करून बघा. काळपट गोल ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. सरळ रेघ किंवा ओरखडा दिसला तर तो सेन्सरवरचा असू शकतो आणि जात नाही. मग लेन्सला झाकण लावून काही सेकंदांचा एक फोटो काढा. काळ्या चित्रात एखाद-दोन रंगीत ठिपके चालतील, चांदणं पडलेलं चालणार नाही.

शटरसाठी १/४०००वर उजेडाकडे पाच-सहा फोटो काढा. चित्राच्या एका कडेला काळी पट्टी दिसली तर पडदा मंदावलाय. एकामागोमाग पंचवीस-तीस फोटो झाडा, एररचा संदेश येतो का बघा. शटर किती चाललंय, म्हणजे एकूण किती फोटो काढलेत, हे बघणं निकॉनमध्ये सोपं आहे: ताज्या, न बदललेल्या जेपेग फोटोच्या माहितीत तो आकडा असतो, आणि इंटरनेटवर तो वाचून देणारी साधनं आहेत. कॅननच्या या मॉडेलांत फोटोत आकडा नसतो, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. निकॉन आपल्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या या बॉडींचं शटर एक लाखाला तपासलेलं असल्याचं सांगते. याचा अर्थ एक लाख एकला ते मोडतं असा नाही. पण ३० हजारांच्या आत चाललेली बॉडी मिळत असताना ८० हजारवाली त्याच भावाला घ्यायचं कारण नाही.

फोकस तपासायला वर्तमानपत्र टेबलावर आडवं ठेवा, तिरप्या कोनातून मधल्या एका ओळीवर फोकस करा, लेन्स पूर्ण उघडी. एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यूत तीच ओळ तीक्ष्ण आणि व्ह्यूफाइंडरमधून मात्र पुढची किंवा मागची ओळ तीक्ष्ण येत असेल, तर त्या बॉडीचं आणि लेन्सचं जुळत नाही. वर सांगितलेल्या मॉडेलांत हे घरच्या घरी दुरुस्त करायची सोय नाही, म्हणून ही तपासणी कधीही चुकवू नका. एफ/१.८च्या लेन्सवर तर दोनदा करा.

शेवटी सगळी बटणं, सगळ्या चकत्या, आतला फ्लॅश, चार्जर. बॅटरीचा फुगा आलाय का, ती खोबणीत अडकते का. कंपनीची मूळ बॅटरी असेल तर उत्तम, नसेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करायला सांगा.

पायरी सहावी: व्यवहार

बॉडीच्या खाली सीरियल नंबर असतो. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. बिल नाही म्हणजे माल चोरीचाच असं नव्हे, पण मग विकणाऱ्याकडून सही केलेली पावती घ्याच: तारीख, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, दोघांची नावं. पैसे शक्यतो खात्यावरून द्या म्हणजे नोंद राहते. आणि सात दिवसांत बिघाड निघाला तर परत घेण्याचा शब्द त्याच पावतीवर लिहून मागा. चांगला माणूस नाही म्हणत नाही.

कार्ड ६४ जीबीचं, ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. नकली कार्डं फार आहेत. ट्रायपॉड पहिल्या दिवशी नको, गरज पडेल तेव्हा घ्या. रबरी ब्लोअर मात्र लगेच घ्या. आपल्याकडच्या वाऱ्या-धुळीत लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे, पाठ वाऱ्याकडे. आत तोंडाने फुंकर कधीच मारायची नाही, थुंकीचे कण सेन्सरवर बसतात. आणि उन्हाळ्यात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवून जाऊ नका.

ते सात दिवस

शब्द सात दिवसांचा घेतलाय तर ते दिवस वाया घालवू नका. पहिल्या संध्याकाळी व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकती फिरवून आतली अक्षरं तुमच्या डोळ्यांना स्पष्ट दिसतील अशी करा, मागच्या मालकाच्या सगळ्या सेटिंग पुसून टाका, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही चालू करा. मग एक सकाळ सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, एक दुपार किल्ल्याच्या तटाखाली कडक उन्हात आणि एक रात्र घरात ट्यूबखाली, असे भरपूर फोटो काढा. बॅटरी एकदा पूर्ण संपेपर्यंत वापरा. व्हिडिओ सलग दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून बघा, तापून बंद पडतो का. प्रत्येक लेन्स प्रत्येक टोकाला वापरा. सगळे फोटो मोठ्या स्क्रीनवर शंभर टक्के आकारात उघडून चारही कोपरे बघा. एक कोपरा कायम मऊ येत असेल तर लेन्स पडलेली आहे, पावती घेऊन सातव्या दिवसाच्या आत परत जा.